मऊ शिसं

आम्ही दोघं पोचलो तेव्हा माझा भाऊ घण घेऊन स्वतःचीच भट्टी फोडत होता.

मला आधी वाटलं, दुरुस्ती चालली असेल. पण दुरुस्ती करणारा माणूस असा दातओठ खाऊन घण घालत नाही. धुराड्याचा पत्रा एका बाजूला आडवा पडला होता. कढई उलटी करून तिच्या बुडाला छिन्नीनं भलंमोठं भोक पाडलेलं होतं.

"हिंद्या, डोकं फिरलं का रे तुझं?" मी रस्त्यावरूनच ओरडले.

त्यानं मान वर केली नाही. "आक्का, लांब थांब. धूळ उडतीया."

"धुळीचं मला सांगू नको. चाललंय काय हे?"

"बंद केली."

"काय बंद केली?"

"भट्टी. कायमची."

माझे यजमान खांद्यावर रिकामी पोती घेऊन माझ्या शेजारी उभे होते. शिसं न्यायला आलो होतो आम्ही. श्रीपती मेस्त्री म्हटलं की उद्यमनगरात कुणीही ह्यांची शेड दाखवायचं. शेडमध्ये एक लेथ, एक प्रेस, आणि त्या प्रेसवर हे एअर रायफलचे छर्रे पाडायचे. कोल्हापुरातली निम्मी नेमबाज पोरं ह्यांच्या छर्र्यांवर तयार झाली, हे मी नवऱ्याचं कौतुक म्हणून सांगत नाही. कौतुक करायची मला सवयच नाही, विचारा त्यांना.

"हिंदुराव, चेष्टा करू नका," हे म्हणाले. "वैजूची चाचणी आठवड्यावर आलीय. माझ्याकडं छर्रे पाडायला शिसं नाही. तुम्ही पोट दुखतंय म्हणून महिनाभर भट्टी पेटवली नाही, मी काही बोललो का? आता एक ओत तरी, कढईभर शिसं..."

"न्हाई दाजी."

"अहो, एकच ओत!"

"एकबी न्हाई. म्हणून तर फोडली. ऱ्हायली असती तर तुम्ही मागितलं असतं आणि मी पेटवली असती."

एवढं बोलून त्यानं घण पुन्हा उचलला. माझा धाकटा भाऊ. लहानपणी सुरवंट दिसला तरी माझ्या पदराआड लपायचा. त्या दिवशी त्याच्या तोंडाकडं बघायला मलाच भीती वाटली.

नेमबाजी न कळणाऱ्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. एअर रायफलचा छर्रा असतो जेमतेम हरभऱ्याच्या डाळीएवढा. कमरेत बारीक, आणि मागं पोकळ घागरा. चाप ओढला की हवा त्या घागऱ्यात भरते, घागरा फुलतो, नळीच्या आतल्या आट्यांना घट्ट धरतो आणि छर्रा गरगरत सरळ सुटतो. पण घागरा फुलायचा तर शिसं मऊ पाहिजे, नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ. तसलं शिसं जुन्या टेलिफोन केबलच्या सालीत मिळतं, जुन्या पाइपांत मिळतं. बॅटरीतलं शिसं कडक. त्याचा घागरा फुलतच नाही आणि छर्रा वाट फुटेल तिकडं जातो.

हिंदुराव नदीकडच्या रानात भट्टी लावून हे मऊ शिसं वितळवायचा. साली सोलायचा, कढईत टाकायचा, वर आलेली मळी झाऱ्यानं काढायचा, लगडी ओतायचा. त्या लगडी आमच्या शेडमध्ये यायच्या, त्यांचे छर्रे नेमबाजीच्या क्लबात जायचे. क्लबात मारलेले छर्रे निशाणामागच्या पेटीत चेपून पडायचे, ते पुन्हा गोणीत भरून हिंदुरावच्या भट्टीवर. तेच शिसं वर्षानुवर्षं फिरत होतं. परदेशी छर्र्यांचे डबे मुंबईहून यायचे, पण त्या साली त्यांचाही पत्ता नव्हता. थोडक्यात काय, हिंदुरावची कढई आटली की सगळ्या क्लबाच्या बंदुका भिंतीला टेकणार.

आणि वैजू म्हणजे वैजयंता, हिंदुरावची एकुलती एक लेक. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. राज्याच्या संघाची निवड पुण्याला होणार होती आणि क्लबाचे इनामदार सर छातीठोक सांगत होते, "ही पोरगी संघात जाणार. लिहून ठेवा." संघात गेली की पुढं दिल्लीला शिबिर, पुढं काय नि काय. बापानं शिसं वितळवायचं, मामानं छर्रे पाडायचे आणि पोरीनं ते दहाच्या ठिपक्यात घालायचे. ती मला आत्ती म्हणायची आणि ह्यांना मामा. मला मूलबाळ नाही. जे काही होतं ते वैजूच होतं.

भट्टीशी तर तिचं लहानपणापासूनचं नातं. शिसं उकळलं की त्यात मेणाचा तुकडा टाकतात, म्हणजे घाण सुटून वर येते. ते मेण वैजूनंच टाकायचं, असा हिंदुरावचा नियम. तिच्या हातचं मेण पडल्याशिवाय ओत साफ निघत नाही म्हणायचा. कॉलेजातून येताना ती वाट वाकडी करून भट्टीवर जायची, मेण टाकायची, बापाशेजारी बसून दुपारचा डबा खायची.

अशा बापानं चाचणीच्या तोंडावर कढईला भोक पाडलं. आता बोला!

दुसऱ्या दिवशी मी क्लबात गेले. बघते तर इनामदार सर स्वतः गुडघ्यावर बसून निशाणामागच्या पेट्या खरवडत होते. एवढा शिस्तीचा माणूस, पँटीचे गुडघे पांढरे झालेले.

"काय सर, भांडी घासायला लागला की काय?"

"काय करता ताई! मेस्त्रींचा शेवटचा डबा काल संपला. पोरं बंदुकीत काय घालणार, शेंगदाणे? हे शिसं तरी वितळवून द्या म्हणावं तुमच्या भावाला."

"कशात वितळवणार? कढई फोडलीय त्यानं."

सर उठूनच उभे राहिले. भावाचा राग येत होता आणि दुसऱ्यानं त्याला नावं ठेवली की त्याहून जास्त राग येत होता.

वैजू कुठून तरी शोधलेले थोडेसे जुने छर्रे घेऊन सराव करत होती. तिची एक लकब होती. छर्रे हातात धरायची नाही, डब्यात ठेवायची नाही, गालात धरायची. जिभेनं एकेक पुढं ढकलायची, ओठातून चिमटीत घ्यायची आणि नळीत सारायची. बंदूक खांद्याला, डोळा निशाणावर, मान हलायची नाही. लहान असताना मुठीतले छर्रे सांडायचे म्हणून हिंदुरावनंच तिला ही युक्ती शिकवली होती. "ओला छर्रा सुळकन बसतोय नळीत," म्हणायचा. इनामदार सरांना ते गबाळं वाटायचं, पण गुण पडत होते म्हणून तेही बोलायचे नाहीत.

तेवढ्यात हिंदुराव आला. हातात पितळेची एक वाटी. सरळ जाऊन तिच्या पुढ्यात उभा राहिला आणि हनुवटीखाली वाटी धरली.

"थुक."

"काय आण्णा?"

"तोंडातले छर्रे ह्यात थुक. इथनं पुढं वाटीतनं घ्यायचे."

वैजूला आधी हसूच आलं. मग तिनं त्याचा चेहरा बघितला. "आण्णा, चाचणी आठवड्यावर आलीय. आता सवय बदलू?"

"बरं दिसत न्हाई ते. पुण्याची माणसं हसतील."

"हसू देत की! माझा सगळा ताल त्यावर बसलाय. तुम्हीच बसवलाय!"

"थुक म्हणतोय न्हवं!"

सगळा क्लब बघायला लागला. पोरीनं मान खाली घालून छर्रे वाटीत टाकले. टणाटणा वाजले ते. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं आणि माझं डोकंच सरकलं.

"हिंद्या, बाहेर ये," मी म्हटलं. बाहेर आल्यावर त्याला चांगला फैलावर घेतला. "पोरीच्या चांगल्यावर उठलायस का? भट्टी फोडलीस, आता तिची लकब मोडतोस. कुणाचं ऐकून करतोयस हे? कुणी करणी केली का तुझ्यावर?"

"तू माझ्यावर इस्वास ठेव आक्का. चाचणी होऊ दे. मग सांगतो."

"आत्ता का नाही?"

"आत्ता न्हाई."

वाटी तिथंच ठेवून तो निघून गेला. चालताना पोटावर हात दाबून चालत होता. ते मी बघितलं, पण रागात होते.

मऊ शिसं मिळवायला ह्यांनी त्या आठवड्यात काय केलं नाही? इचलकरंजी, जयसिंगपूर, मिरज, सगळीकडचे भंगारवाले पालथे घातले. शेवटी एकानं केबलचं म्हणून लगडी दिल्या. वर मऊ लागत होत्या. ह्यांनी नखानं ओरखडून बघितलं, ओरखडा उठला. पण त्यात बॅटरीचं शिसं मिसळलेलं होतं. एक लगड बरी, एक वाईट. प्रेसमध्ये छर्रे पडायला लागल्यावर ह्यांच्या हाताला कळलं, दांडा जड जातोय. निवडून निवडून, एकेक छर्रा भिंगाखाली धरून ह्यांनी एक डबा भरला. तोंड पाडून माझ्या हातात दिला.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"देवाला ठाऊक. हिंदुरावच्या शिशाची गोष्ट वेगळी."

पुण्याला वैजूबरोबर मीच गेले. हिंदुराव स्टँडवर आला होता. वैजू त्याच्याशी बोलली नाही. एसटी हलली तसा तो खिडकीबरोबर थोडा पळाला आणि म्हणाला, "वाटीतनं घे हं. तोंडात घालू नगंस." झालं. लेक निवडीला निघाली आणि बापाचं तोंडभरून बोलणं काय, तर एवढंच.

"बघितलंस ना आत्ती?" वैजू म्हणाली. "शुभेच्छा नाही, काही नाही. वाटी!"

चाचणी मी काचेमागून बघितली. सुरुवात झकास झाली. पोरगी उभी राहिली की बघत राहावं. मला वाटलं, उगीच जिवाला घोर लावून घेतला आपण. मग एक छर्रा बाजूला गेला. ती थांबली, श्वास घेतला, पुढचे चांगले मारले. पुन्हा एक बाजूला. तिच्या हातात काही खोट नव्हती, मी इतकी वर्षं बघितलंय, मला कळतं. बंदूक दगडासारखी स्थिर आणि छर्रा मात्र भलतीकडं. त्यात दरवेळी तिची चिमूट सवयीनं ओठाकडं जायची, मग आठवण व्हायची, मग वाटीकडं वळायची, मान हलायची, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवायचं. एकदा तिनं मागं वळून काचेतून माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरलेली नाही.

एका गुणानं गेली. तिच्या वरच्या पोरीचं नाव पुकारलं आणि यादी संपली.

परतीच्या एसटीत ती रडली नाही. कराड आलं, मी म्हटलं चहा घे. नको म्हणाली. पेठ नाका गेला. मग एकदम म्हणाली, "आत्ती, त्यांना मी संघात जायला नको होते का गं?"

"असं कसं बोलतेस? बाप आहे तो."

"मग भट्टी का फोडली? सांग ना. मला एक कारण सांग, मी गप बसते."

मी तिचा हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला घेऊन हिंदुरावच्या घरी गेले. हेही कामाला सुट्टी देऊन आले. हिंदुराव पायरीवरच बसला होता. त्याची बायको रत्ना दारात उभी. निकाल त्यांना कळलेला होता.

"वैजू," तो म्हणाला, "बस हितं. आता सांगतो."

"आता?" ती बसली नाही.

"ऐक तर. माझं पोट दुखत हुतं न्हवं? महिना झाला. आजरेकर डॉक्टरकडं गेलो. त्यानं विचारलं, धंदा काय? म्हटलं शिसं वितळवतो. तसा त्यानं माझा व्हट वर केला आणि आरसा दिला हातात. हे बघ."

त्यानं आपला वरचा ओठ बोटांनी उचलला. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेला एक निळी-काळी रेघ होती. बारीक, शिसपेन्सिलीनं ओढावी तशी. ह्यांनी पुढं वाकून बघितली आणि "अरे देवा" म्हणाले.

"शिसं पोटात गेलं की ही रेघ येतीया म्हणाला डॉक्टर. धुरातनं जातंय, हातातनं जातंय, जेवणातनं जातंय. भट्टी बंद कर नाहीतर हात लुळं पडत्याल म्हणाला. माझं सोड, माझी हयात गेली. पण त्या दिवशी घरी आलो, तू पेरू खात हुतीस. रत्ना कायतरी म्हणाली आणि तू हसलीस." त्याचा आवाज चिरकला. "तुझ्याबी हिरडीवर तीच रेघ, वैजू. तश्शीच."

माझ्या डोळ्यांपुढं एकेक यायला लागलं. वैजूचं अधूनमधून पोट दुखायचं, रत्ना ओवा चारायची. तोंड पांढरट दिसायचं, आम्ही म्हणायचो अभ्यास फार करते.

"भट्टीवर माझ्याशेजारी बसून जेवायची तू. मेण तू टाकायचीस. आणि छर्रे..." तो माझ्याकडं बघून बोलायला लागला, लेकीकडं बघायचं धाडस नव्हतं त्याला. "आक्का, छर्रे गालात धरायला मी शिकवलं गं. मी! एवढीशी हुती तवापास्नं. ईख, जहर चघळत हुती पोरगी आणि मी टाळ्या वाजवत हुतो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" वैजूनं विचारलं. आवाज अगदी थंड.

"चाचणी हुती बाळ. अंगात ईख हाय म्हणून सांगितलं असतं तर तुझा हात ऱ्हायला असता का जाग्यावर? म्हटलं, एवढं हुंदे. मग सांगू, मग डॉक्टरकडं नेऊ, रक्त मुंबईला तपासायला धाडतो म्हणालाय."

"आणि भट्टी? एक ओत काढून मग फोडली असती तर काय झालं असतं?"

"एक ओत काढायचा म्हणजे तू मेण टाकायला आली असतीस. कुणाच्या बाचं ऐकलं नसतंस."

आजही मला वाटतं, ह्या माणसानं त्याच्या परीनं सगळा विचार केला होता. फक्त एका गोष्टीचा केला नव्हता. वैजू त्याच्याकडं बघत राहिली आणि मग हसली. वाईट हसणं होतं ते.

"निकाल लागल्यावर आठवलं होय तुम्हाला हे सगळं?"

"वैजू!" मी ओरडले.

"थांब आत्ती. आठवडाभर विचारत होते मी, का फोडली, का फोडली. तेव्हा काय म्हणाले? बरं दिसत नाही, लोक हसतील. आज मी हरून आले, तर आज विष निघालं! छान गोष्ट रचलीय. मला खुळी समजता?"

"आरशात बघ की गं," हिंदुराव हात जोडून म्हणाला. "रत्ना, आरसा आण. व्हट उचलून एकदा बघ."

रत्ना धावत आत गेली, भिंतीवरचा आरसा काढून घेऊन आली. वैजूनं तो हातात घेतला नाही. ओठ घट्ट मिटून घेतले. बापानं तिच्या हनुवटीला हात लावला तसा तिनं तो झटकला.

"हात लावू नका मला. माझं वर्ष घालवलंत. माझी बंदूक घालवलीत. आता माझं तोंड काय तपासता, मी बैल आहे का बाजारातला?"

हिंदुरावचा हात तसाच हवेत राहिला. हेसुद्धा मध्ये पडले, "पोरी, मामाचं ऐक," म्हणाले, पण ती आत जाऊन कपडे भरायला लागली होती. संध्याकाळच्या गाडीनं ती गडहिंग्लजला, रत्नाच्या भावाकडं निघून गेली. तिथल्याच कॉलेजात नाव घातलं. डॉक्टरचं नाव काढलं की जेवणाच्या ताटावरून उठायची, म्हणून तिथल्या मामानंही मग विषय सोडला.

हिंदुरावनं पत्र धाडायचं, तिनं उघडायचं नाही. तो दोनदा जाऊन आला, ती मैत्रिणीकडं निघून गेली. माझ्याशी मात्र बोलायची. दिवाळी झाली, संक्रांत झाली, शिमगा आला. मी म्हटलं, आता बास झालं. ह्या दोघांत अक्कल एकालाच पुरेल एवढी आहे, ती पण दोघांनी वापरायची नाही असं ठरवलंय. भाऊ दिवसेंदिवस खंगत चालला होता. मी गडहिंग्लजची एसटी धरली.

वैजू अंगणात केस वाळवत बसली होती. बघूनच जीव सुखावला. गाल भरले होते, रंग उजळला होता.

"पोट दुखतं का गं अजून?" मी विचारलं.

"नाही. मामीच्या हातचं बरं मानवतंय."

मी शेजारी बसले. आडवळण मला जमत नाही. "वैजू, तुझ्या बापानं खोटं सांगितलं असेल तर मी त्याचं नाव टाकीन. पण एकदा, माझ्यासाठी, आरशात बघ. मी पण बघते. रेघ दिसली तर माझ्याबरोबर घरी चल. एवढं कर. आत्तीनं आजवर तुझ्याकडं काही मागितलं नाही."

तिनं केस बांधले. मग उठली, आतून आरसा घेऊन आली. उन्हात बसली. स्वतःच वरचा ओठ उचलला, मग खालचा खाली ओढला. मी तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

हिरड्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या लालबुंद होत्या. रेघ नव्हती. कुठंच नव्हती.

"कुठाय?" वैजू म्हणाली. तिचा आवाज जरासा कापला. मला शपथेवर वाटतं, रेघ दिसावी अशी तिची इच्छा होती. "दाखव ना आत्ती. कुठाय?"

"अगं, तू शिशापासून लांब आलीस ना, म्हणून गेली असेल. बंद झालं की जात असेल ती..."

"असेल?"

"डॉक्टरला विचारू की आपण!"

"राहू दे." तिनं आरसा पालथा ठेवला. "तू त्यांची बहीण आहेस, तू असंच म्हणणार."

मी खूप बोलले. हातापाया पडायचंच तेवढं राहिलं. तिनं मला जेवायला वाढलं, स्टँडपर्यंत सोडायला आली, खिडकीतून पिशवी दिली. घरी मात्र आली नाही. ती त्या घरी आली ती लग्नाच्या अक्षतांपुरती, पाहुण्यासारखी, आणि नंतर हिंदुरावला खांदा द्यायला माणसं जमली तेव्हा. मधल्या वर्षांत डॉक्टरनं मला सांगितलं, शिसं बंद केलं की काही महिन्यांत रेघ पुसते. ते मी वैजूला सांगितलं. "हं," म्हणाली. तेवढंच.

पण त्या दिवशीचं सांगते. गडहिंग्लजहून मी सरळ हिंदुरावच्या घरी गेले. तो पायरीवरच होता. माझ्यामागं कुणी आहे का, हे त्यानं मान लांब करून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"न्हाई आली?"

"नाही."

"बंदूक धरतीया का?"

"क्लबाला परत केली. त्यानंतर हात लावला नाही म्हणे."

त्यानं मान हलवली. आपल्याच हाताची बोटं उघडली, मिटली. सांगू की नको असं झालं. शेवटी सांगितलं, "हिंदू, मी तिला आरशात बघायला लावलं. रेघ नाही रे तिथं."

"काय न्हाई?"

"रेघ. हिरडीवर नाही. तुला खोटं ठरवलं तिनं."

तो ताडकन उठला. "वरची हिरडी बघितलीस?"

"बघितली."

"खालची?"

"खालची पण. उन्हात बसून बघितली. चष्मा लावून."

"दाढंपतोर?"

"अरे हो, दाढांपर्यंत! साफ आहे. पण तू खोटा पडलास हिंद्या, कळतंय का तुला? आता ती कधी..."

तो ऐकतच नव्हता. पोटावरचा हात काढून त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि माणूस हसत होता. किती महिन्यांनी हसताना बघितला मी त्याला. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून तो मोठ्यांदा ओरडला, "रत्ना! आगं ए रत्ना! आक्काला चहा टाक! साखर जरा जास्त घाल! मी खोटा पडलो!"

रत्नानं चहा आणला. कप हातात धरून मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले.